शेजारच्या जागेवरचा रुमाल

आमच्या घरी मुरांबा व्हायचा, पण माझ्यासाठी नाही. मला गोड चालत नव्हतं अशातला भाग नाही. तेव्हा मला सगळं चालायचं. उन्हाळ्यात पालमच्या मंडईत कैऱ्या आल्या की बायको साखर जरा हात राखून घालायची, वेलदोडा टाळायची आणि एक बरणी वेगळी भरून वरच्या फळीवर ठेवायची. ती बरणी त्यांची, माझ्या कचेरीतल्या सोबत्याची. ते यायचे, कोरा चहा मागायचे, चमचाभर मुरांबा जिभेवर ठेवायचे आणि त्यावरून चहा ओढायचे. रशियात असाच पितात म्हणे. मीही रशियनचाच माणूस होतो. मीही असा चहा पिऊन दाखवला असता, पण मला कधी कोणी विचारलं नाही.

आम्ही दोघं दिल्लीतल्या एका सरकारी कचेरीत होतो. परदेशी वर्तमानपत्रं वाचायची आणि तो देश पुढे काय करील याचं टिपण लिहून वर पाठवायचं, एवढंच आमचं काम. रशियन विभागात दोघंही मराठी असणं हा निव्वळ योगायोग. ते मिरजेचे, मी ठाण्याचा. वयानं आणि नोकरीनं ते मोठे, म्हणून ते मला अरे-तुरे करत आणि मी त्यांना अहो-जाहो. ते तरुणपणी शिष्यवृत्तीवर मॉस्कोत राहून आले होते. मी रशियन शिकलो दिल्लीतच, संध्याकाळच्या वर्गात, पंख्याखाली. मॉस्को मी आजतागायत पाहिलेलं नाही. ऑफिसात त्यांना शिपायापासून साहेबापर्यंत सगळे 'रूसीजी' म्हणत. मला आडनावानं हाक मारत, तेही चुकीचं उच्चारून.

दिसायला ते रशियाचे वगैरे मुळीच वाटत नसत. ठेंगणे, सावळे, कानावर केस. दसऱ्याला स्वेटर चढवला की होळीलाच उतरवायचे, मग मधे ऊन असो की पाऊस. मॉस्कोहून आणलेली केसाळ कानटोपी त्यांच्याकडे होती, पण ती डोक्यावर घातलेली मी एकदाही पाहिली नाही. डोक्यावर आपली मिरजेची माकडटोपी. ती रशियन टोपी थंडीत मांडीवर उलटी धरायची आणि तिच्यात शेंगा. टोपीचे कान बाहेर पाडलेले. एका कानात टरफलं. बसमध्ये ती टोपी हातोहात फिरायची. ज्या टोपीसाठी मी काहीही दिलं असतं, तिच्यात हा माणूस मूंगफली भरून जनकपुरीच्या कारकुनांना वाटायचा.

बसचं सांगायला हवं. आम्हा मराठी सरकारी कर्मचाऱ्यांच्या सोसायटीला दिल्लीच्या टोकाला द्वारकेत फ्लॅट मिळाले तेव्हा द्वारका म्हणजे नुसती पाटी होती. सेक्टरांना नंबर होते, रस्ते आखलेले होते, पाणी टँकरनं यायचं आणि डोक्यावरून विमानं जायची. मेट्रो कागदावर. कचेरीत जायचं तर चार्टर्ड बस, म्हणजे महिन्याचे पैसे भरून ठरवलेली खासगी बस. तीच माणसं, तोच ड्रायव्हर, वर्षानुवर्षं. नावानं जागा कोणाचीच ठरलेली नसायची, म्हणून रुमालाचा कायदा चालायचा. ज्याचा रुमाल आधी पडला त्याची सीट. पंजाबी, बंगाली, मल्याळी, सगळे तो कायदा मानत. लोकसभेतल्या कायद्यांचा एवढा मान मी पाहिला नाही.

रूसीजी सकाळी आमच्या गेटवर बसची वाट बघत थांबत नसत. बस जिथून सुटायची त्या पुढच्या सेक्टरापर्यंत चालत जायचे, खिडकीत बसायचे आणि शेजारच्या जागेवर रुमाल टाकायचे. पांढरा, निळ्या काठाचा. आमच्या गेटवर मी चढलो की रुमाल उचलायचे. संध्याकाळीही तसंच, ऑफिसातून माझ्याआधी निघायचे आणि मी पोचेपर्यंत रुमाल टाकून बसलेले असायचे. मी मागे कुठे दुसऱ्या जागेवर बसायचा प्रयत्न एक-दोनदा केला. सगळी बस वळून बघायला लागली. "अरे भाईसाहब, आपकी सीट तो वहाँ है." माझी ओळखच ती होती, रूसीजींच्या बगलवाला. मी समजून होतो की या माणसाला भाषण ऐकणारा कान लागतो आणि तो पळून जाऊ नये म्हणून हा बंदोबस्त आहे.

कारण भाषण रोज व्हायचं. रशियात काही खुट्ट झालं की मागच्या सीटवरून कोणीतरी विचारायचं, रूसीजी, ये रूस आख़िर चाहता क्या है? त्यांचं उत्तर ठरलेलं होतं. चाहता क्या है मत पूछो, डरता किससे है ये पूछो. हेतू विचारू नका, भीती विचारा. हेतू माणूस भाषणात सांगतो, त्यामुळे तो खोटा असण्याची शक्यता असते. भीती कोणी सांगत नाही, ती वागण्यात दिसते. एवढं बोलून ते शेंग फोडायचे आणि बस 'वाह' म्हणायची. हेच वाक्य मी त्याच आठवड्यात टिपणात अधिक नेटकं लिहिलेलं असायचं. माझ्या टिपणाला कधी कोणी 'वाह' म्हटलं नाही.

ऑफिसात त्यांच्या टेबलामागे जगाचा नकाशा होता. नवा माणूस आला आणि त्यानं रशियाबद्दल मत दिलं, की ते त्याला उठवून नकाशाला पाठ लावून उभं करायचे, मॉस्को बरोबर त्याच्या मानेमागे येईल असं. आता तू मॉस्को. समोर बघ. काय दिसतं? समोर फायलींचं कपाट दिसायचं. ते म्हणायचे, कपाट नाही, सपाट. ना डोंगर, ना समुद्र. दार नसलेल्या घरात झोपलायस. येणारे त्याच बाजूनं आलेत आणि पुन्हा येतील. मग शेजारची जागा रिकामी तुला बघवेल का? तिथे कोणीतरी आपलं बसलेलं लागतं. बाहेरच्यांना वाटतं, हा जागा बळकावतो. याला जागा नकोच असते. तिथे दुसरं कोणी बसायला नको असतं.

मला हे पटत नसे. माझं स्वतःचं मत होतं आणि ते अभ्यासातून आलेलं होतं. माझ्या मते मॉस्कोच्या प्रत्येक चालीमागे एकच गोष्ट, मत्सर. पॅरिसला बोलावतात, लंडनला बोलावतात, मग आम्हाला का नाही. आमचं इतकं मोठं साहित्य, इतकं मोठं संगीत, आमचं यान सगळ्यांच्या आधी वर गेलं, तरी मेजावर आमची खुर्ची कोपऱ्यात का. हे सगळं मी पुराव्यानिशी लिहायचो. एका रविवारी घरी टिपण मोठ्यानं वाचत होतो, बायको मटार सोलत ऐकत होती. ती म्हणाली, "तुमच्या रशियाला सतत कोणाचा तरी हेवा का वाटतो हो? रूसीजींचा रशिया तसा नसतो." मी तिला सांगितलं की रशिया एकच आहे. तिनं मटार सोलणं चालू ठेवलं.

त्यांची बायको द्वारकेला येण्याआधीच गेली होती. मुलगी लग्न होऊन पुण्याला. घरात एकटे. पण कधी त्याबद्दल बोलले नाहीत आणि आपण एकटे आहोत असं दाखवलंही नाही, त्यामुळे ते आमच्या लक्षात राहत नसे. उलट सोसायटीत काही वाद निघाला की निवाड्याला तेच. त्यातला जमिनीच्या पट्टीचा वाद मला अजून आठवतो.

आमच्या सोसायटीची भिंत आणि शेजारच्या सोसायटीची भिंत, मधे कोणाचीच नसलेली एक पट्टी. गवत, विटांचे तुकडे आणि दुपारी सावली. शेजारी होते हवाई दलातले निवृत्त अधिकारी. एके दिवशी त्या पट्टीत दोन मोडक्या खुर्च्या आणि कुंडीतला शेवगा दिसला. ते सगळं रूसीजींनी नेऊन ठेवलं होतं. शेजारच्या सोसायटीनं बैठक बोलावली: महाराष्ट्रवाले क़ब्ज़ा कर रहे हैं. आमच्यात दोन तट पडले. एक म्हणे, छान, आता पार्किंग करून टाकू. दुसरे म्हणे, हे बेकायदा आहे, आपली बदनामी होईल. सगळे त्यांच्याकडे गेले तेव्हा ते म्हणाले, मला ती जागा कशाला हवीय? तिथे उद्या कोणी जनरेटर ठेवला तर रात्रभर झोप यायची नाही. खुर्च्या आहेत, ज्याला बसायचं त्यानं बसावं, त्यांच्याकडच्यांनीही. झालं. हिवाळ्यात त्या दोन खुर्च्यांवर हवाई दलाचे एक साहेब आणि रूसीजी ऊन खात बसलेले दिसायला लागले. त्या शेवग्याच्या शेंगा पुढे दोन्ही सोसायट्यांनी आमटीत घातल्या. आमच्या खिडकीतून ते दृश्य दिसायचं आणि मी पडदा ओढून घ्यायचो. मी सोसायटीचा सेक्रेटरी होतो, आणि शेजाऱ्यांनी दिवाळीची मिठाई पाठवली ती रूसीजींच्या नावानं.

इतकी वर्षं हा हेवा मी सुखानं बाळगून होतो. त्यानं माझं काही बिघडत नव्हतं. पण सोव्हिएत संघाचे तुकडे झाले आणि हळूहळू आमचा विभागही आटत गेला. आधी अर्धा मजला होता, मग एक खोली, मग त्या खोलीत आम्ही दोघंच. सगळ्यांना आता शेअर बाजार हवा होता, अमेरिका हवी होती. हुशार पोरं राजीनामे देऊन गुडगावच्या काचेच्या कचेऱ्यांत जाऊ लागली. शेवटी डायरेक्टरसाहेबांनी आम्हाला बोलावलं. हे बिहारकडचे, सज्जन गृहस्थ. म्हणाले, रशियन डेस्कवर एकच जागा राहणार. दुसरा सरप्लस. सरप्लस माणसाला गुवाहाटीच्या केंद्रावर जावं लागेल आणि तिथे रशियनशी काही संबंध नसेल.

मी घरी येऊन बायकोला सांगितलं तेव्हा ती फ्लॅटच्या भिंतीकडे बघत राहिली. त्या फ्लॅटसाठी आम्ही सरकारी क्वार्टरात किती उन्हाळे काढले होते ते तिलाच ठाऊक. तिची इथल्या शाळेतली नोकरी नुकतीच पक्की झाली होती. मुलगा दहावीत. आणि माझं म्हणाल, तर रशियन सोडून मला दुसरं काही येत नव्हतं. मॉस्को नाही तर निदान मॉस्कोचं टेबल तरी.

निवड कशी करायची यावर साहेबांनी तोडगा काढला. ते उन्हाळ्याचे दिवस होते. युरोपात, रशिया ज्याला आपला मानायचा त्या युगोस्लाव्हियावर पाश्चात्त्य विमानांनी बॉम्ब टाकले होते. पहिल्या हल्ल्याच्या वेळी रशियाचे पंतप्रधान अमेरिकेला निघाले होते, त्यांनी अटलांटिकवरून विमान तसंच माघारी फिरवलं होतं. आता त्याच देशातल्या कोसोव्होत पाश्चात्त्य सैन्य उतरणार होतं. साहेब म्हणाले, दोघांनी टिपण लिहा, रशिया आता काय करील. आमच्याकडे सगळी दिल्ली तेव्हा कारगिलकडे डोळे लावून बसली होती, कोसोव्हो कोणाच्या गावीही नव्हतं. पण आम्हा दोघांसाठी सगळं जग त्या एका डोंगराळ मुलखात आलं होतं.

मी जीव ओतून लिहिलं. रशिया निषेध करील, रुसून बसेल, आणि मग येईल मेजापाशी, कारण मोठ्यांच्या पंगतीत त्याला पान हवं आहे. दुसरं काही करण्याची ताकद नाही आणि इच्छाही नाही. रूसीजींचं टिपण अर्ध्या पानाचं होतं. इंग्रजी टिपणात त्यांनी 'रुमाल' हा शब्द तसाच घातला होता आणि खाली चार्टर्ड बसचा कायदा समजावणारी तळटीप दिली होती. मजकूर एवढाच की ते कुठेतरी रुमाल टाकतील. छोटासा असेल, पण सगळ्यांच्या आधी पोचतील. आणि पोचल्यावर पुढे काय करायचं हे त्यांचं त्यांनाही माहीत नसेल. मी ते वाचलं आणि मला हायसं वाटलं. सरकारी टिपणात असलं कोणी लिहितं का?

मग एका सकाळी बातमी आली. बोस्नियातली रशियन सैनिकांची एक छोटी तुकडी गाड्या हाकत निघाली आणि पाश्चात्त्य सैन्य यायच्या आत प्रिष्टिनाच्या विमानतळावर जाऊन बसली. सगळं जग कोड्यात पडलं. कोणी लिहिलं, हे आक्रमण आहे. कोणी लिहिलं, सेनापतींनी सरकारला न विचारता केलं. कोणी लिहिलं, दारूच्या नशेत. आणि बसून झाल्यावर त्या बिचाऱ्यांना प्यायच्या पाण्याची पंचाईत झाली, ज्यांना अडवायला गेले त्यांच्याकडूनच मागायची वेळ आली. माझं पानिपत झालं, आणि खऱ्या पानिपतापासून बसनं दोन-तीन तासांच्या अंतरावर. पुढे रशिया मेजापाशीही आला, म्हणजे माझंही खरं ठरलं. पण उशिरा खरं ठरणाऱ्याला कोण विचारतो?

त्या दिवशी बसमध्ये त्यांची मिरवणूकच निघायची बाकी होती. मी शेजारी बसून होतो, त्यांच्या रुमालानं धरलेल्या जागेवर, आणि मनात गुवाहाटीचं सामान बांधत होतो. ते मात्र खिडकीबाहेर धौला कुआँची गर्दी बघत राहिले. मला वाटलं, हा विजय पचवण्याचा थाट आहे.

ऑर्डर आली ती अशी: रशियन डेस्कवर मी. रूसीजींची बदली दिल्लीतच, राजभाषा विभागात. म्हणजे सरकारी परिपत्रकांचं हिंदी तपासायचं. मी ऑर्डर दोनदा वाचली. मग मला उलगडा झाला. साहेब शहाणे माणूस. तुक्का आणि अभ्यास यातला फरक त्यांना कळला होता. रुमाल म्हणे! घरी जाताना मी मिठाई घेतली. बायकोनं एक तुकडा तोंडात टाकला आणि म्हणाली, "आता त्यांचं कसं होईल?"

त्यांचं काय होणार होतं? ते राजभाषा विभागात गेले आणि तिथेही मजेत राहिले. मिरजेचा माणूस, हिंदीत लिंगाच्या हमखास चुका करणारा, हिंदी पखवाड्याच्या निबंधस्पर्धेत पहिला आला. माझ्या खोलीत नकाशा होता, टेबल होतं, सगळा रशिया एकट्याचा होता, आणि दुपारी जेवणाच्या सुट्टीत त्यांच्या खोलीतून हसण्याचे आवाज यायचे. सकाळ-संध्याकाळ बसमध्ये रुमाल मात्र तसाच पडायचा. मी चढलो की ते उचलायचे आणि विचारायचे, मॉस्को काय म्हणतंय? मी दिवसभरात वाचलेलं सांगायचो. ते ऐकायचे आणि त्यावर जे एक वाक्य बोलायचे तेच नेमकं माझ्या टिपणात नसायचं.

काही वर्षांनी डायरेक्टरसाहेब निवृत्त झाले. निरोपसमारंभात समोसे खाताना ते माझ्याजवळ आले आणि रूसीजींची चौकशी करत सहज म्हणाले, "मैंने तो उन्हीं को चुना था. उन्होंने पूछा, दूसरे का क्या होगा? मैंने कहा, गुवाहाटी. बोले, तो मुझे राजभाषा में डाल दीजिए." ते ज्येष्ठ होते, दिल्लीतल्या दिल्लीत बदली मागायचा हक्क त्यांना होता, मला नव्हता. साहेबांना वाटलं होतं की हे मला माहीत असेल.

माझा समोसा हातातच राहिला. एखाद्याला अशा वेळी गहिवरून आलं असतं. मला संताप आला. आपण जिंकलो असं समजून मी इतकी वर्षं जी मान ताठ ठेवली होती, ती सगळी यांच्या रुमालावर बसून. बरोबर उत्तर त्यांचं, मोठं मन त्यांचं, आणि मुरांबाही त्यांचाच. माणसानं दुसऱ्यासाठी काही शिल्लक ठेवावं की नाही?

इतरांचे हेतू शोधण्याचा मला सरकारी पगार मिळत होता, म्हणून मी तेच काम सुरू केलं. एक शक्यता, दया. ती मी सहन केली नसती. दुसरी शक्यता, त्यांना त्या टेबलाचा कंटाळा आला होता आणि मला उष्टं पान मिळालं. ही तर त्याहून वाईट. संध्याकाळपर्यंत दोन्ही बाजूंनी विचार करून डोकं शिणलं. बसमध्ये चढलो. त्यांनी रुमाल उचलला. बस मोतीबाग ओलांडून पुढे गेली तरी मी मॉस्कोचं काही सांगेना, तेव्हा त्यांनी हातातला पेपर उघडला.

"ती डेस्कची जागा तुम्ही मला का दिलीत?" मी मराठीत विचारलं, आजूबाजूच्यांना कळू नये म्हणून.

पेपर खाली झाला नाही. "प्रश्न चुकला."

मला त्यांचा धडा पाठ होता. "बरं. भीती कशाची होती?"

आता पेपर खाली आला. त्यांनी माझ्याकडे पाहिलं, एखादा मंद विद्यार्थी अचानक नीट प्रश्न विचारतो तेव्हा मास्तर बघतात तसं. "तू गुवाहाटीला गेला असतास," ते म्हणाले. "मग इथे कोण बसलं असतं?"

"कोणीही बसलं असतं."

"तेच तर," ते म्हणाले आणि पेपर पुन्हा वर केला.

म्हणजे ती दया नव्हती, आणि कंटाळाही नव्हता. घरी कोणी नसलेला हा माणूस सकाळी पुढच्या सेक्टरापर्यंत चालत जात होता, संध्याकाळी ऑफिसातून आधी निघत होता, ते भाषणाला कान हवा म्हणून नव्हे. भाषण ऐकायला सगळी बस होती. मला बरं वाटलं, खोटं कशाला सांगू, फार बरं वाटलं. आणि त्याच वेळी त्यांचा नव्यानं हेवाही वाटला. मी उभ्या आयुष्यात कोणासाठी असा रुमाल टाकला नव्हता. मला ते सुचलंच नव्हतं.

पुढे ते निवृत्त झाले. नोएडाच्या एका नव्या वाहिनीनं त्यांना एकदा तज्ज्ञ म्हणून बोलावलं. ऑफिसच्या खुर्चीवर तेव्हा मी होतो, पण बोलावलं त्यांना. माकडटोपी घालून गेले. निवेदिकेनं विचारलं, रूस आख़िर चाहता क्या है? ते कितीतरी वेळ गप्प राहिले, आणि मग शांतपणे म्हणाले की सवाल ग़लत है. मधे जाहिरात लागली आणि जाहिरातीनंतर ते दिसले नाहीत. पुन्हा त्यांना कोणी बोलावलं नाही, पण आमच्या आणि शेजारच्या, दोन्ही सोसायट्यांत लोक वर्षभर त्या गप्प बसण्याबद्दल बोलत होते. मी किती वर्षं बोलत होतो, त्याबद्दल कोणी बोललं नाही.

मग मुलगी त्यांना पुण्याला घेऊन गेली, कोथरूडला. जाताना बसमधल्या सगळ्यांना भेटले. शेवगा हवाई दलाच्या साहेबांकडे सोपवला. केसाळ टोपी मला देतील असं वाटलं होतं. ती त्यांनी माझ्या बायकोला दिली, कांदे-बटाटे ठेवायला बरी म्हणून.

मग मेट्रो आली, चार्टर्ड बस बंद पडली. मेट्रोत रुमालाचा कायदा चालत नाही. टाकलात तर उचलून हातात देतात. रविवारी सकाळी मात्र त्यांचा फोन यायचा. मॉस्को काय म्हणतंय? मी सांगायचो. ते एक वाक्य बोलायचे. असं बरीच वर्षं चाललं आणि माझी निवृत्ती जवळ आली. एका रविवारी माझं बोलणं संपल्यावर ते म्हणाले, कर्नलही परवा हेच म्हणत होते.

कोण कर्नल, मी विचारलं. त्यांच्या घराजवळच्या बागेत एक निवृत्त कर्नल येत असत. रोज सकाळी दोघं एका बाकावर बसून रशियावर बोलत. त्यांना रशियन येतं का? नाही. कधी गेलेत तिकडे? नाही. मग त्यांना काय कळतं? "ऐकतात चांगलं," ते म्हणाले. आणि त्यांचे मुद्देही बरे असतात, असं वर जोडलं.

फोन ठेवल्यावर माझा दिवस गेला तो गेलाच. आयुष्यभर मी त्यांचा हेवा केला, त्याची मला सवय होती. हे वेगळंच होतं. डोळ्यांसमोर एकच गोष्ट येत राहिली: बाक, त्यावर ते, आणि शेजारच्या जागेवर पांढरे बूट घातलेला एक कर्नल. दुसऱ्या दिवशी मी रजा टाकली आणि पुण्याच्या गाडीचं तत्काळ तिकीट काढलं. बायकोनं विचारलं, एवढं काय अडलंय? मी म्हटलं, सहज. तिनं माझ्याकडे एकदा पाहिलं, वरच्या फळीवरची बरणी काढली आणि माझ्या पिशवीत ठेवली.

पुण्याला पहाटे उतरलो आणि त्यांच्या घरी न जाता थेट त्या बागेत गेलो. बाग नुकती उघडत होती. बाक ओळखायला वेळ लागला नाही. त्यांनी फोनवर सांगितलं होतं, बुचाच्या झाडाखालचा, दोघांपुरता. मी एका टोकाला बसलो, बरणी पायाशी ठेवली आणि दुसऱ्या टोकाला रुमाल टाकला. पुढे काय करायचं ते काही ठरवलं नव्हतं. आधी पोचायचं होतं, पोचलो होतो.

कर्नल आधी आले. उंच, ताठ, बूट खरंच पांढरे. त्यांनी रुमालाकडे पाहिलं आणि अदबीनं विचारलं, इथे कोणी येणार आहे का? मी हो म्हटलं. ते म्हणाले, आम्ही रोज बसतो इथे. मी म्हटलं, असेल.

तेवढ्यात काठी टेकत ते आले. स्वेटर तोच. त्यांनी रुमाल पाहिला, मला पाहिलं, बरणी पाहिली, बाजूला उभे असलेले कर्नल पाहिले. कधी आलास, कशाला आलास, काहीही विचारलं नाही. रुमाल उचलला, झटकला, नीट घडी करून स्वतःच्या खिशात घातला आणि माझ्याशेजारी बसले.

"मॉस्को काय म्हणतंय?"

मी सांगायला लागलो. कर्नल उभेच होते. मी त्यांना बसा म्हणालो नाही.